खाडीच्या तोंडाशी कोण बसलंय?

अध्यक्ष महाराज आणि मंडळी, आजचा विषय आपलं कल्याण बंदर : त्याचा उदय, ऱ्हास आणि पुनरुज्जीवन. पण सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. आज तिथी कोणती? बरोबर, त्रयोदशी. मागच्या रांगेतल्या आजींनी पटकन सांगितलं, पुढच्या तीन रांगांनी मोबाइल काढले. आता तेराची पाऊणपट करा. पाऊणकी पाठ असलेली शेवटची पिढी या सभागृहात बसली आहे, म्हणून विचारतो. पावणेदहा! म्हणजे आज रात्री पावणेदहाच्या सुमाराला मुंबईच्या किनाऱ्यावर भरती पूर्ण होईल. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा आपल्या कोळी मंडळींचा हिशेब. ढोबळ आहे, पण पिढ्यान्‌पिढ्या या हिशेबावर होड्या सुटल्या आणि लागल्या.

हेच पाणी एका बाजूने वसईच्या खाडीतून आणि दुसऱ्या बाजूने ठाण्याच्या खाडीतून चढत चढत आपल्या कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यापाशी येतं. त्याला आणखी वेळ लागतो, पण येतं. भरलेलं गलबत भरतीबरोबर वर यायचं आणि सुकती लागली की खाली जायचं. समुद्राच्या ओढीवर माल इतका आत, डोंगराच्या इतक्या जवळ आणता येतो, म्हणून कल्याण झालं. पलीकडून मुरबाड, वैशाखरे, नाणेघाट, जुन्नर करत पैठणपर्यंत वाट जाते. बैलाच्या पाठीवरचा माल जिथे होडीत पडतो, ती जागा म्हणजे कल्याण. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांच्या नावापुढे गाव लिहिलंय, तिथे कल्याणचा सोनार भेटतो, कल्याणचा लोहार भेटतो. सोनार-लोहारांकडे लेण्याला दान देण्याइतका पैसा होता, म्हणजे गावाच्या बाजारात काय उलाढाल असेल ते बघा.

उदयाचं एवढं पुरे. माझा मुद्दा पुढे आहे आणि तो मला आज तुमच्यासमोर मांडायचाच आहे. कल्याण बंदर गाळाने मेलं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. गाळ भरला हे खरंच आहे. पण गाळ भरण्याच्या कितीतरी आधी हे बंदर पुन्हा पुन्हा बंद पाडलं गेलं, आणि दर वेळी त्याचं कारण कल्याणात नव्हतं. ते खाडीच्या तोंडाशी होतं. समुद्रावरचं बंदर स्वतःच्या दारात उभं असतं. नदीवरच्या बंदराचं दार दुसऱ्याच्या गावात असतं. तुम्ही सगळे लोकलने जाणारे, तुम्हाला हे मी काय सांगू? डबा आतून रिकामा असला तरी दारात कोण उभा आहे, त्यावर तुम्ही चढणार की नाही ते ठरतं.

आता पुरावा. साधारण इसवी सनाच्या पहिल्या शतकातला एक ग्रीक भाषिक दर्यावर्दी व्यापारी. त्याने नाव लिहून ठेवलं नाही. इजिप्तकडून लाल समुद्रातून निघून भारताच्या किनाऱ्यापर्यंतची बंदरं, कुठे काय विकतात, कुठे धोका आहे, अशी टिपणं त्याने केली. तो 'पेरिप्लस'. त्यात भडोच आहे, त्याला तो बारिगाझा म्हणतो. खाली सोपारा आहे. मग 'कलिएना', म्हणजे आपण. आणि आपल्याबद्दल तो काय सांगतो? थोरल्या सारगनाच्या काळी हे रीतसर व्यापाराचं बंदर होतं. पण सांदारेसच्या हाती आल्यापासून इथल्या व्यापाराला फार अडथळा होतो, आणि एखादं ग्रीक जहाज इथे आलंच, तर ते पहाऱ्यात भडोचला नेलं जाण्याची भीती असते.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बाहेर फेरी मारून आलो. जरा डोळ्यांसमोर आणा. एक जहाज नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर अख्खा समुद्र ओलांडून आलंय. पोटात दारूचे रांजण, तांबं, पोवळं. खलाशांना किनारा दिसतो. कल्याणचा दलाल ओळखीचा आहे, दर ठरलेला आहे. आणि खाडीच्या तोंडाशी दुसऱ्याच राजाच्या होड्या येऊन म्हणतात, 'इकडे नाही, आमच्यामागून चला.' मग तसंच ते जहाज हत्यारबंद पहाऱ्यात उत्तरेला, नर्मदेच्या तोंडाशी. तिथली जकात त्या राजाची, आणि कल्याणचा दलाल धक्क्यावर वाट बघत उभा.

सारगन म्हणजे कुठला सातकर्णी राजा, सांदारेस कोण, यावर विद्वानांचे वाद आहेत. पण त्या काळात क्षत्रप आणि सातवाहन या दोन राजघराण्यांची झुंज चालू होती, भडोच क्षत्रप नहपानाकडे होतं आणि हा अडथळा त्या झुंजीतलाच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी, उल्हास नदीचं पाणी भरपूर खोल असताना, कल्याण बंदर ओस पडायची वेळ आली होती. गाळाचा इथे काय संबंध?

आणि याचा शेवटही ऐका, कारण तो आपल्या मातीत सापडलाय. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी इथे नाण्यांचा मोठा साठा मिळाला. तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी, सगळी नहपानाची. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा छाप पुन्हा मारलेला आहे. असं नाणं जवळून पाहिलं तर नहपानाच्या नाका-गालावरून सातवाहनांची चिन्हं ठोकलेली दिसतात. नाशिकच्या लेण्यात गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री लेकाबद्दल लिहून ठेवते की, त्याने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, वंश निर्वंश केला आणि त्याच्या वाहनांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं. तीन समुद्रांचं! आईचा अभिमान सोडा, पण पश्चिमेच्या समुद्राची वाट पुन्हा मोकळी झाल्याचा आनंद मला त्या ओळीत ऐकू येतो. पुढे सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा प्रवासी मोठ्या बाजारपेठांत 'कल्लियाना'चं नाव घेतो. तांबं, लाकूड, कापड यांचा व्यापार आणि इराणहून नेमलेला ख्रिस्ती बिशप! दार उघडं ठेवा, कल्याण आपोआप उभं राहतं.

आता एकदम हजार वर्षं पुढे. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली. साष्टी बेट आणि ठाणंही त्यांचंच झालं. म्हणजे कल्याणची दोन्ही दारं त्यांच्या हातात. त्यांनी कल्याणात चौकी बसवली नाही. गरजच काय? १५३६ मध्ये गाव घेतलं आणि सोडलं, १५७० मध्ये पुन्हा येऊन बाहेरच्या वस्त्या जाळल्या, लूट नेली.

यापुढची गोष्ट मी जिथे जातो तिथे सांगतो. २४ ऑक्टोबर १६५७. शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. या घटनेची कुठली गोष्ट महाराष्ट्राला माहीत आहे? सुभेदाराच्या सुनेची. नाटकांत तीच, कीर्तनांत तीच, शाळेच्या स्नेहसंमेलनात तीच. तिला समकालीन साधनांत आधार नाही, हे अभ्यासकांनी वारंवार सांगितलंय. पण जी गोष्ट कागदोपत्री आहे, ती आपल्याच गावातल्या मुलांना माहीत नसते, याचं मला खरोखर वाईट वाटतं. ती गोष्ट जहाजांची. कल्याण, भिवंडी, पनवेल या पट्ट्यात महाराजांनी लढाऊ जहाजं बांधायला घेतली. कामावर रुय लैतांव व्हियेगस नावाचा पोर्तुगीज आणि त्याची माणसं. आणि १६५९ मध्ये पोर्तुगीजांच्या दप्तरात चिंता उमटते की शहाजीचा मुलगा वीसेक जहाजं बांधतोय, सिद्दीविरुद्ध म्हणतोय, पण ही समुद्रात आली तर पुढे आपल्याला जड जाईल. तेव्हा वसईच्या कॅप्टनने ती बाहेर पडू देऊ नयेत. पुढे व्हियेगस आपल्या माणसांना घेऊन निघून गेला.

'बाहेर पडू देऊ नयेत.' मंडळी, नहपान आणि हे पोर्तुगीज यांच्यात सोळाशे वर्षांचं अंतर आहे, आणि दोघांची युक्ती एकच. कल्याण घ्यायची गरज नाही. तोंडाशी बसा. महाराजांनी पुढे थेट समुद्राला भिडणारे सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग यांवर भर दिला, त्यामागे कल्याणच्या या अनुभवाचा वाटा असणार, असं माझं मत आहे. इथे दुमत असणारे दोन मित्र समोर बसलेत, त्यांनी चहाच्या वेळी मला गाठावं.

१७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं, १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली. दोन्ही दारं आपल्या हातात! किती काळ? पस्तीस वर्षं. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाणं घेतलं आणि साष्टी गेली. १७८२ च्या सालबाईच्या तहात, इंग्रजांनी मधे घेतलेली वसई परत आली, साष्टी आली नाही.

आणि मग १८५३ ची बोरीबंदर-ठाणे गाडी, १ मे १८५४ ला ती कल्याणपर्यंत आली. पुढे बोरघाट आणि थळघाट चढून रेल्वे देशावर पोचली. घाटावरचा माल कल्याणात होडीत उतरायचा, तो आता न उतरताच पुढे जाऊ लागला. आपण जंक्शन झालो. ज्या ठिकाणी माल थांबायचा, तिथे गाडी पाच मिनिटं थांबू लागली.

तरी खाडी लगेच मेली नाही. मी शाळेत असताना रेतीबंदरावर डुबी मारून रेती काढणारे पाहिलेत. तळाशी रोवलेल्या बांबूला धरून माणूस बादली घेऊन खाली जायचा. आम्ही काठावर आकडे मोजायचो, चाळीस, पन्नास, साठ. मग दोर हलायचा, होडीवरचे दोघे बादली ओढायचे आणि पाठोपाठ डोकं वर यायचं, डोळे लालभडक, नाकातोंडातून पाणी. दिवसभर हेच. भरती लागली की लादलेली होडी हलायची, काठ पाण्यापासून चार बोटं वर. त्यातल्या एका म्हाताऱ्या तांडेलानेच मला पाऊणकीचा हिशेब शिकवला. 'मास्तर पोथीत बघतो, आम्ही पान्यात बघतो,' म्हणायचे. या बंदरावरचा शेवटचा माल म्हणजे ती रेती, आणि आपली सगळ्यांची घरं तिच्यावर उभी आहेत.

काही वर्षांपूर्वी मी एका कार्यालयात अर्ज घेऊन गेलो. मागणी साधी होती, काठावर एक फलक लावा : 'कल्याण बंदर, सातवाहन काळापासून'. समोरचे गृहस्थ म्हणाले, 'बंदर म्हणजे रेतीबंदर ना? मग गौण खनिजाच्या टेबलावर जा.' तिथे गेलो. त्यांनी विचारलं, 'किती ब्रास रेती?' मंडळी, तुम्ही हसताय, पण मी घरी येईपर्यंत माझ्या घशात आवंढा होता. पाच फेऱ्या मारल्या. अर्जाला उत्तर आलं नाही.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. पुनरुज्जीवन राहिलंय, तेव्हा आता भराभर.

२०१६ च्या कायद्याने देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग जाहीर झाले. त्यात ५३ क्रमांकाचा आपला : कल्याण, ठाणे, मुंबई, वसईची खाडी आणि उल्हास नदी धरून १४५ किलोमीटर. डोंबिवली, कोलशेत, काल्हेर, मीरा-भाईंदर इथल्या जेट्ट्या या योजनेत आहेत. २०२४ च्या फेब्रुवारीत वसई-भाईंदर रो-रो, म्हणजे गाड्यांसकट माणसं नेणारी बोट, सुरू झाली, म्हणजे ज्या तोंडाशी कॅप्टन पहारा ठेवायचा तिथे आता लोक स्कूटरसकट बोटीत चढतात. दुर्गाडीपाशी नौदलाची निवृत्त टी-८० नौका आणून ठेवली आहे. मला तिचं मनापासून कौतुक आहे. पण स्मारकाची नौका आणि चालणारी नौका यांत फरक आहे, आणि मला चालणारी हवी.

ती अडते कुठे? एक, पाणी. वालधुनी नदी अंबरनाथ-उल्हासनगरचं सांडपाणी घेऊन आपल्या खाडीत येते, मोहन्याकडे उल्हास नदी जलपर्णीने झाकली जाते. प्रवासी नाकाला रुमाल लावून बोटीत बसणार नाही. दोन, काठ. तिवरं तोडून भराव टाकले, ड्रेजर लावून बेसुमार रेती उपसली, काठ ढासळले. गाळ काढा जरूर, पण तो कुठे काढायचा हे नदीचा अभ्यास करून ठरवा, रेतीचा भाव बघून नको. तीन, आणि हेच मुख्य : तोंड. कल्याण ते वसई या पाण्याच्या काठावर आज पाच महापालिका आहेत : कल्याण-डोंबिवली, ठाणे, भिवंडी-निजामपूर, मीरा-भाईंदर, वसई-विरार. शिवाय मेरीटाइम बोर्ड, रेल्वेचे पूल, महामार्गाचे पूल. शत्रू कोणीच नाही, पण दारात पुन्हा गर्दी आहे. या सगळ्या खाडीला एकच प्राधिकरण हवं, वरच्या नाल्यापासून खालच्या जेट्टीपर्यंत जबाबदार. आणि बोटीचं तिकीट लोकलच्या पासात धरा. वेगळं तिकीट ठेवलंत तर बोट फक्त रविवारच्या सहलीची होईल.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं, थांबतो. उद्या चतुर्दशी आणि रविवार. चौदाची पाऊणपट साडेदहा. उधाणाचं पाणी आहे, मुंबईत साडेदहाला भरेल, आपल्याकडे त्यानंतर. मी सकाळी अकरापासून दुर्गाडीच्या गणेश घाटावर आहे. ज्यांना यायचंय त्यांनी या, पायऱ्यांवर बसून पाणी किती पायऱ्या चढतं ते मोजू.