एका थैलीतले तीन खेळाडू

श्रोतेहो, नमस्कार. आयपीएलचा लिलाव आपण सगळ्यांनीच पाहिलाय. पाटी वर जाते, भाव चढत जातो आणि ज्याच्या पर्समध्ये पैसे उरलेत तो खेळाडू घेऊन जातो. (खेळ राहतो बाजूला आणि कोटींच्या आकड्यालाच टाळ्या पडतात, पण ते असो.) अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये तिथली शाळा-कॉलेजातली मुलं अशी येत नाहीत. तिथे ड्राफ्ट असतो. संघ पाळीपाळीने मुलांची नावं पुकारतात. ज्यानं आपलं नाव पुकारलं, त्याच्याशीच मुलानं बोलायचं. पटलं तर सही करायची, नाही तर कॉलेजात जायचं.

कमी पैशांच्या संघाचा सगळा जीव या ड्राफ्टमध्ये अडकलेला असतो. असा निवडलेला खेळाडू मोठ्या लीगमध्ये आला की साधारण सहा वर्षं संघाच्याच ताब्यात राहतो, आणि त्यातली पहिली तीनेक वर्षं जवळपास किमान पगारावर खेळतो. २०२५ साली हा किमान पगार ७ लाख ६० हजार डॉलर होता. तेवढ्याच तोडीचा खेळाडू खुल्या बाजारात घ्यायचा तर वर्षाला दीड-दोन कोटी डॉलर मोजावे लागतात.

मग स्वस्त पण चांगला मुलगा ओळखायचा कसा? ओकलंड अ‍ॅथलेटिक्सचं उदाहरण नेहमी दिलं जातं. २००२ साली त्यांचा पगाराचा खर्च सुमारे ४ कोटी डॉलर, न्यूयॉर्क यांकीजचा साडेबारा कोटींच्या आसपास. आणि सामने दोघांनीही जिंकले १०३. ओकलंडची माणसं अंगकाठी बघत नव्हती, हा फलंदाज किती वेळा आऊट न होता बेसवर, म्हणजे धाव पुरी करायच्या वाटेवरच्या थांब्यावर, पोचतो ते बघत होती. हिट मारून पोचला काय किंवा चार बाहेरचे चेंडू सोडून फुकटात पोचला काय, पोचला ना! त्या वर्षी त्यांनी जेरेमी ब्राऊन हा अलाबामा विद्यापीठाचा कॅचर (आपल्याकडचा यष्टिरक्षक म्हणा) ३५ व्या क्रमांकावर घेतला, साडेतीन लाख डॉलरला. जाड म्हणून इतरांनी त्याला मागे टाकलं होतं. आता हेही सांगायला हवं की ब्राऊन मोठ्या लीगमध्ये जेमतेम पाच सामने खेळला. आकडेवारी म्हणजे काही जादूची कांडी नव्हे.

आणि मुलगा ओळखणं हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं वाटणीचं. हे नीट ऐका, कारण खरी गंमत इथंच आहे. २०१२ पासून नियम असा आहे की पहिल्या दहा फेऱ्यांतल्या प्रत्येक क्रमांकाचा एक भाव ठरलेला असतो. संघाच्या वाट्याच्या सगळ्या क्रमांकांच्या भावांची बेरीज म्हणजे त्याची थैली. कुणाला किती द्यायचे ते संघानं ठरवायचं. थैली मात्र एकच. पाच टक्क्यांपर्यंत जादा गेलं तर जादा रकमेवर ७५ टक्के कर. पाच टक्क्यांच्या वर गेलं की करही भरा आणि पुढल्या वर्षाची पहिल्या फेरीची निवडही घालवा. पुन्हा सांगतो, भाव क्रमांकाचा असतो, पण थैली एकच असते.

नियमाच्या पहिल्याच वर्षी ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजनं ही थैली कशी हलवली ते बघा. आदल्या मोसमात १०६ सामने हरल्यामुळे पहिली पाळी त्यांची. (ह्यूस्टन हे काही गरीब शहर नव्हे, संघानंच मूठ आवळली होती. आणि अशी वर्षानुवर्षं हार खात बसणं ही तिकीट काढून येणाऱ्या माणसाची सरळ फसवणूक आहे.) सगळ्यांची नजर बायरन बक्स्टन नावाच्या मुलावर होती. ह्यूस्टननं नाव पुकारलं पोर्तो रिकोच्या सतरा वर्षांच्या कार्लोस कोरियाचं. पहिल्या क्रमांकाचा भाव होता ७२ लाख डॉलर, तिसऱ्याचा ५२, चौथ्याचा ४२. कोरियानं सही केली ४८ लाखांवर. तो घसरून चौथा-पाचवा गेला असता तर त्याला बहुधा याहून कमीच मिळाले असते, त्यामुळे तोही खूश. आणि थैलीत उरले २४ लाख.

हे २४ लाख गेले कुठं? ४१ व्या क्रमांकावर लान्स मॅककलर्स नावाचा शाळकरी पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. क्रमांकाचा भाव साडेबारा लाखांच्या घरात, पण हा पोरगा फ्लोरिडा विद्यापीठात जायच्या तयारीत, तेवढ्यावर मानणारा नव्हता. त्याला दिले २५ लाख. चौथ्या फेरीत रिओ रुइझ, खांद्यात रक्ताची गुठळी झाल्यामुळे मागे पडलेला. त्याच्या क्रमांकाचा भाव साडेतीन लाखांच्या आसपास. दिले साडेअठरा लाख. म्हणजे दोघांना जादा गेले सुमारे २७ लाख, त्यातले २४ कोरियाकडून वाचलेले. २०१७ साली ह्यूस्टननं वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम मालिका, जिंकली तेव्हा कोरिया शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधली क्षेत्ररक्षणाची जागा) होता, सातव्या सामन्याची सुरुवात मॅककलर्सनं केली होती, आणि रुइझला अदलाबदलीत देऊन आणलेला इव्हान गॅटिसही त्याच संघात होता.

हीच चाल २०१४ साली अंगाशी आली. पहिला क्रमांक, भाव ७९ लाख. पिचर ब्रेडी एकनशी ६५ लाखांवर बोलणं झालं. वाचणारे पैसे पाचव्या फेरीतल्या जेकब निक्सला द्यायचे, त्याच्याशी १५ लाखांवर ठरलेलं. आणि वैद्यकीय तपासणीत एकनच्या कोपराच्या लिगामेंटबद्दल शंका आली. संघानं आकडा पाडून ३१ लाखांवर आणला, शेवटच्या दिवशी ५० पर्यंत चढवला, पण सही झाली नाही. आता नियम बघा: मुलानं सही केली नाही, तर त्याच्या क्रमांकाचा अख्खा भाव थैलीतून वजा होतो. ६५ नव्हे, ७९ लाख गेले. बिचाऱ्या निक्सचा काही दोष नसताना त्याचाही करार बुडाला, कारण तो पाळला असता तर पहिल्या फेरीच्या निवडी दंडात गेल्या असत्या.

भरपाई म्हणून ह्यूस्टनला पुढल्या वर्षी दुसरा क्रमांक मिळाला, कारण भावाच्या ४० टक्क्यांइतका देकार त्यांनी दिलेला होता. म्हणून ते ३१ लाख! त्या दुसऱ्या क्रमांकावर आला अ‍ॅलेक्स ब्रेगमन, २०१७ च्या वर्ल्ड सिरीजचा पाचवा सामना दहाव्या इनिंगमध्ये १३-१२ असा जिंकून देणारा.

त्याच २०१७ मध्ये ह्यूस्टननं समोरच्या कॅचरनं पिचरला केलेल्या खुणा कॅमेऱ्यानं चोरल्याचं पुढे उघड झालं. २०२० साली लीगनं संघाला ५० लाख डॉलर दंड केला आणि दोन वर्षांच्या ड्राफ्टमधल्या पहिल्या व दुसऱ्या फेरीच्या निवडी काढून घेतल्या. ५० लाखांचं त्यांना फारसं वाटलं नसावं. नमस्कार.