रात्रीच्या सायकलला दिवा कोणता?

श्रोतेहो, नमस्कार.

सायकलचा दिवा घ्यायला गेलं की खोक्यावर सगळ्यांत ठळक छापलेला असतो तो ल्यूमेनचा आकडा. 800, 1200, 2000. आणि आपण त्यावरच निवड करून मोकळे होतो. पण दिव्यातून एकूण किती प्रकाश बाहेर पडतो, एवढंच ल्यूमेन सांगतात. त्यातला रस्त्यावर किती पडला आणि झाडांच्या शेंड्यांवर किती उधळला गेला, याचा त्यात पत्ता नसतो. म्हणून मी म्हणेन, आधी झोताचा आकार बघा, आकडा नंतर.

डांबरी रस्त्यासाठी झोत वरून कापलेला हवा, मोटारीच्या लो बीमसारखा. सगळा उजेड त्या कडेच्या खाली, रस्त्यावर. समोरून येणाऱ्याचे डोळे त्या कडेच्या वर. जर्मनीत तर रस्त्यावरच्या सायकलचा दिवा समोरच्याला दिपवणारा नसावा, असा नियमच आहे, आणि पुढचा दिवा लुकलुकता ठेवायलाही तिथे मनाई आहे. असा नीट आखलेला दिवा दोनतीनशे ल्यूमेनचा असला, तरी हजार ल्यूमेनच्या गोल झोतापेक्षा रस्ता अधिक चांगला दाखवू शकतो.

पण किती लांबचं दिसायला हवं? ताशी 25 किलोमीटरनं जाताना सायकल सेकंदाला सात मीटर पुढे सरकते. खड्डा दिसून बोटं ब्रेकवर आवळेपर्यंत सेकंद-दीड सेकंद जातो, म्हणजे दहा मीटर तिथेच संपले. मग थांबायला कोरड्या रस्त्यावर आणखी सहा-सात मीटर. उतारावर वेग 40 झाला, की हेच अंतर तीस मीटरच्या पुढे जातं, आणि ओल्या रस्त्यावर त्याहून जास्त. इथे भौतिकशास्त्र आपल्या विरोधात आहे: दुप्पट लांब तितकाच उजेड हवा असेल, तर झोत चौपट तीव्र लागतो. त्यामुळे कधीकधी जास्त शहाणपणाचा उपाय म्हणजे उतारावर वेग कमी करणं. तो फुकट आहे.

आता कच्ची वाट. रानातली, दगडांची, मुळांची. इथे तोच कापलेला झोत अडचणीचा ठरतो, कारण डोक्याच्या उंचीवर आलेली फांदी अंधारातच राहते. इथे रुंद, गोल झोत हवा आणि ल्यूमेनही भरपूर हवेत; हजाराच्या आसपास असले तर बरं. शक्य असेल तर दोन दिवे लावा, एक हँडलबारवर आणि एक हेल्मेटवर. दोघांची कामं वेगळी आहेत. हँडलबारचा दिवा डोळ्यांच्या बराच खाली असतो, त्यामुळे प्रत्येक दगडाची सावली आपल्याला दिसते आणि त्या सावल्यांवरूनच उंचसखलपणा कळतो. हेल्मेटचा दिवा डोळ्यांच्या अगदी जवळ असतो. दगडाची सावली दगडामागेच दडते आणि खडबडीत जमीन सपाट भासते. फसवं प्रकरण आहे हे! पण तीव्र वळणावर हँडलबारचा झोत भलतीकडेच पडलेला असतो, तेव्हा मान वळेल तिकडे जाणारा हेल्मेटचा झोतच उपयोगी पडतो. एकच दिवा परवडत असेल, तर हँडलबारचा घ्या.

धुक्यात आणि धुळीत मात्र हेल्मेटचा दिवा बंद करा; डोळ्यांसमोर नुसता पांढरा पडदा उभा राहतो. डांबरी रस्त्याला लागल्यावरही तो बंदच ठेवा. आपण ज्याच्याकडे बघू, त्याच्या डोळ्यांत तो थेट घुसतो.

बॅटरीचा हिशेब घरीच करता येतो. या दिव्यांत बहुधा 18650 नावाचा लिथियम सेल असतो, म्हणजे 18 मिलिमीटर जाड आणि 65 मिलिमीटर लांब. चांगल्या सेलमध्ये दहा-बारा वॅट-तास ऊर्जा मावते. हजार ल्यूमेनला ढोबळमानानं दहा वॅट लागतात. म्हणजे एका सेलवर तासभर. एकाच सेलच्या दिव्यावर ‘2000 ल्यूमेन, सहा तास’ असं छापलेलं असेल, तर खोका परत ठेवून द्या.

खरे आकडेही नीट वाचावे लागतात. दिव्याचा उजेड आणि चालण्याचा वेळ कसा मोजायचा, हे ठरवणारं एफएल-1 नावाचं अमेरिकी मानक आहे. त्यात उजेड सुरुवातीच्या मापाच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा सगळा काळ दिवा चालू धरला जातो. म्हणजे 1000 ल्यूमेनचा दिवा शेवटी 100 ल्यूमेन देत असला, तरी चालूच! शिवाय दिवा तापला, की आतलं सर्किट उजेड कमी करतं. संथ चढावर वारा लागत नाही, तेव्हा हे हमखास होतं. पावसात वापरायचा असेल, तर पाणी आत शिरू न देण्याचा निदान आयपीएक्स-4 दर्जा बघा. तो शिंतोड्यांपुरता असतो.

बॅटरी नको असेल, तर चाक फिरताना वीज तयार करणारा डायनॅमो आहे; चाकातला डायनॅमो साधारणपणे 6 व्होल्ट, 3 वॅटचा असतो. रोज ठरलेल्या रस्त्यानं ये-जा करणाऱ्याला त्याच्यासारखं सुख नाही, चार्जिंगची कटकटच संपली. दगडी चढावर मात्र वेग इतका पडतो, की दिवा मिणमिणायला लागतो.

राहिला मागचा लाल दिवा. मागून येणाऱ्याला लुकलुकता दिवा चटकन दिसतो, पण त्यावरून आपलं अंतर जोखणं त्याला कठीण जातं. म्हणून एक दिवा स्थिर ठेवा, आणि हौस असेल तर दुसरा लुकलुकता. घोट्यांना परावर्तक पट्ट्या बांधा. पेडलबरोबर त्या खालीवर होतात आणि ही सायकल आहे, हे लांबूनच ओळखू येतं. आणि सीटखाली पिशवी लावली असेल, तर निघण्यापूर्वी मागे दहा पावलं चालत जाऊन दिवा दिसतोय का ते पाहा. बहुतेक वेळा पिशवीच त्याला झाकून बसलेली असते.