बाईला विचारून लिहिलेला इतिहास

नमस्कार श्रोतेहो, संशोधनाने माणूस मोकळा होतो, असं मी म्हणतो. कसा, ते आज दलित स्त्रियांच्या इतिहासातून पाहू.

1916 साली रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर चार खंड प्रसिद्ध केले. इंग्रज सरकारच्या आश्रयाने झालेलं ते संशोधन. महारांची लग्नं कशी लागतात, देवदेवक कोणतं, सगळं त्यात नोंदलंय. बाईही आहे, पण चालीरीतींपुरती. तिला काय हवंय, हा प्रश्न नाही.

त्याच प्रांतात, नागपुरात, दलित समाजातल्या जाईबाई चौधरी आधी हमाली करत होत्या, पुढे मुलींची शाळा चालवू लागल्या. 1937 च्या अखेरीस तिथे अखिल भारतीय महिला परिषद भरली. जेवणाच्या वेळी सवर्ण बायकांनी जाईबाईंचा अपमान केला. स्त्रियांची परिषद, आणि तिथेच विटाळ! मला याचा आजही संताप येतो. दलित स्त्रिया गप्प बसल्या नाहीत, सभा घेऊन त्यांनी निषेध केला. मग 20 जुलै 1942 ला त्याच शहरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली त्यांची स्वतःची परिषद झाली. हजारो बायका आल्या. घटस्फोटाचा हक्क हवा, बहुपत्नीत्वाला कायद्याने बंदी हवी, असे ठराव त्यांनी केले. असेच हक्क देऊ पाहणाऱ्या हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं ते 1951 साली, म्हणजे त्यानंतर नऊ वर्षांनी.

हे सारं आपल्यापर्यंत नीट पोचलं ते ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्यामुळे. ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे त्यांचं पुस्तक 1989 साली आलं. दोघी आंबेडकरी चळवळीतल्याच. जुनी कागदपत्रं तर त्यांनी चाळलीच, शिवाय थकलेल्या कार्यकर्त्या बायकांना गाठून त्यांना बोलतं केलं. इंग्रज साहेबाच्या खंडांत जिची नुसती चाल नोंदली गेली, तिचं नाव, तिचं भाषण, तिची मागणी इथे आली. आंबेडकरी चळवळ म्हटलं की पुरुषांचीच नावं घ्यायची सवय मोडायला हाच पुरावा हाताशी आला. संशोधनाने माणूस मोकळा होतो, असं मी म्हणतो ते याच अर्थाने.

तुमच्या घरातली एखादी आजी मोर्चात, संपात, सत्याग्रहात गेली असेल, तर मोबाइलवर तिचा आवाज रेकॉर्ड करा. आधी तिची परवानगी घ्या. नेत्याचं भाषण कसं झालं, एवढंच विचारू नका. गाडीभाड्याचे पैसे कुठून आले, मागे पोरं कोणी सांभाळली, घरी परतल्यावर कोण काय बोललं, तेही विचारा. मध्येच कुणी पुरुष तिच्या वतीने उत्तर देऊ लागला, तर त्याला थांबवा.