गोणीपासून अंगापर्यंत

(दृश्य: काळोख. पोल्ट्री शेडच्या दारात एक माणूस. संगीत नाही.)

दिवे मालवून दहा मिनिटं झालीत. हजारो पक्षी जमिनीवर पसरलेल्या भुशाच्या गादीवर बसलेत, दिवसभराचा गलका विरलाय. शेडवरचा माणूस मात्र अजून घरी गेलेला नाही. तो दाराशी उभा राहून ऐकतोय.

एखादी शिंक. कोपऱ्यातून घशातली खरखर. दिवसाच्या गोंगाटात हे कधीच ऐकू आलं नसतं. श्वासाचा आजार पक्ष्याच्या चालण्यात दिसायच्या आधी बऱ्याचदा असा रात्री कानावर येतो.

उद्या सकाळी हाच माणूस खाद्याच्या गोण्या मोजेल. पण गोणीवर छापलेलं प्रथिन म्हणजे कोंबडीच्या अंगी लागलेलं प्रथिन नव्हे. मधल्या वाटेवर हवा आहे, पाणी आहे, गादी आहे, आतडं आहे. प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं गळतं. आपण आज त्या गळतीच्या मागावर आहोत.

(दृश्य: पिल्लांच्या पेट्या उघडतात. चिवचिवाट.)

एका दिवसाचं पिल्लू. वजन साधारण ४० ग्रॅम. पोटात अंड्यातला थोडा बलक अजून शिल्लक आहे, ती त्याची प्रवासाची शिदोरी. तिच्यावर ते दोनेक दिवस तग धरतं. पण तगणं वेगळं आणि वाढणं वेगळं. पहिला दाणा आत गेला की आतडं झपाट्यानं वाढू लागतं, आणि पुढचं सगळं खाद्य तेच आतडं पचवणार असतं. ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठी वाढवलेल्या पिल्लाचं वजन सातव्या दिवशी चौपट व्हायला हवं. माणसाच्या बाळाला नुसतं दुप्पट व्हायला पाचेक महिने लागतात.

या सात दिवसांत पिल्लाला स्वतःची ऊब राखता येत नाही. ऊब देणाऱ्या ब्रूडरखाली सुरुवातीला ३२ ते ३४ अंश सेल्सिअस लागतात. आता हा तापमापक बघा. टांगलाय माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर. पिल्लं राहतात जमिनीवर! वर ३३ अंश आणि खाली गादी गार, असं सहज होतं.

जाणती माणसं तापमापकाच्या भरवशावर राहत नाहीत. पिल्लू उचलून त्याचे पाय स्वतःच्या गालाला लावतात. पाय गार लागले, की ते पिल्लू दाण्याकडे जाणार नाही, उबेला गठ्ठा करून बसेल. ब्रूडरखाली गर्दी झाली तर थंडी वाजतेय. सगळी कडेला जाऊन चोची उघडून धापा टाकताहेत तर उकडतंय. एकाच बाजूला सरकली असतील तर कुठूनतरी वाऱ्याचा झोत येतोय.

(दृश्य: दोन बोटं पिल्लाच्या गळ्याखाली.)

पिल्लं आल्यावर २४ तासांनी अन्नपिशवी चाचपायची. शंभरातल्या ९५ पिल्लांची तरी ती भरलेली आणि मऊ लागायला हवी. कडक लागली तर दाणा मिळाला, पाणी मिळालं नाही. नुसतीच पाण्यानं डबडबलेली असेल तर उलटं. दोन बोटांत मावणाऱ्या या तपासणीला कुठलंही यंत्र लागत नाही, तरीही ती सर्रास राहून जाते. मला विचाराल तर संपूर्ण लॉटमधली, म्हणजे पक्ष्यांच्या एका खेपेतली, ही सगळ्यात मोलाची पाच मिनिटं.

(दृश्य: खाद्य गिरणी. मका, सोयाबीन पेंड, पांढरी भुकटी.)

आता गोणी. मक्यातून मुख्यतः ऊर्जा येते, त्यात प्रथिन जेमतेम आठ-नऊ टक्के. प्रथिनाची बाजू सोयाबीन पेंड सांभाळते, तिच्यात ते ४४ ते ४८ टक्के असतं. पण कोंबडीला हवी असतात ती प्रथिनांतली अमिनो आम्लं, आणि तीही ठरावीक प्रमाणात. मका-सोयाबीनच्या खाद्यात सगळ्यात आधी अपुरं पडतं मेथिओनिन, त्याच्या मागोमाग लायसिन.

शंभर सदऱ्यांचं कापड आणलं आणि गुंड्या साठांनाच पुरतील एवढ्या, तर सदरे साठच होतात. मेथिओनिन म्हणजे त्या गुंड्या. म्हणून ते वेगळं, ग्रॅमच्या हिशेबानं घालतात. उरलेलं कापड मात्र कपाटात घडी घालून ठेवता येत नाही. कोंबडीला जादा प्रथिन साठवता येत नाही. ते मोडून त्यातला नायट्रोजन यूरिक आम्लाच्या रूपात बाहेर टाकावा लागतो. विष्ठेवरचा तो पांढरा थर पाहिलाय ना? तोच. तो टाकायला पाणी लागतं, म्हणून पक्षी जास्त पाणी पितो, गादी ओली होते, ओल्या गादीत जिवाणू यूरिक आम्लाचा अमोनिया करतात, आणि अमोनिया श्वासनलिकेतले धूळ-जंतू बाहेर झाडणारे बारीक केस निकामी करतो.

सुरुवातीला ऐकलेली खरखर. तिचं एक मूळ असं खाद्याच्या सूत्रातही असू शकतं. ‘प्रथिन थोडं जास्तच घाला, बरं असतं’ हा सल्ला महाग पडतो तो असा.

हवेत अमोनिया दहा लाख भागांत २५च्या वर गेला की पक्ष्यांचं नुकसान ठरलेलं. डोळे चुरचुरतात, वाढ मंदावते. आणि गंमत अशी, की रोज शेडमध्ये वावरणाऱ्याच्या नाकाला तो वास जाणवेनासा होतो. पाहुणा नाक मुरडतो तेव्हा मालक म्हणतो, ‘कुठे काय?’ उकिडवं बसून, कोंबडीच्या उंचीवर नाक नेऊन वास घ्यावा.

(दृश्य: मुठीत गादी.)

मूठभर गादी घट्ट दाबून मूठ उघडा. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त. अजिबात न चिकटता धूळ उडाली तर फारच कोरडी. किंचित चिकटून लगेच सुटली तर ठीक. ओलाव्याचा संबंध वासापुरता नाही. रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस, घडवणाऱ्या आयमेरिया परजीवीच्या, विष्ठेतून पडणाऱ्या अंड्यांसारख्या कोशांना रोग देण्याजोगं व्हायला ऊब, हवा आणि ओल लागते. ऊब आणि हवा शेडमध्ये असतेच. आपल्या हातात राहते ती ओल. हा परजीवी आतड्याचं अस्तरच खरवडतो. गोणीतलं अन्न तिथवर पोचतं आणि रक्तात न शिरता पुढे निघून जातं.

या गळतीचा हिशेब एका आकड्यात दिसतो. किलोभर वजनाला किती किलो खाद्य लागलं, तो एफसीआर. पाच हजार पक्षी, प्रत्येकी सव्वादोन नको, २.२ किलो धरू. एफसीआर १.६च्या ऐवजी १.७ झाला. फरक दशांशाचा. वजन तेवढंच, आणि खाद्य गेलं ११०० किलो जास्त. पन्नास किलोच्या २२ गोण्या! एकही पक्षी दगावला नाही, कुणाला काही कळलंही नाही.

(दृश्य: जुन्या छायाचित्रांची शैली. पिंजऱ्यात कोंबड्या.)

आहार आणि आजार यांचं नातं माणसाला उमगलं त्यात कोंबडीचा वाटा मोठा आहे. १८९०च्या दशकात जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमन हा डच डॉक्टर बेरीबेरीचा जंतू शोधत होता. प्रयोगाच्या कोंबड्या लुळ्या पडू लागल्या, आणि काही महिन्यांनी आपोआप बऱ्याही झाल्या. जंतू वगैरे काही नव्हतं. मधल्या काळात त्यांना कोंडा काढलेल्या तांदळाचा पांढरा भात मिळत होता, तो बंद होऊन कोंड्यासकटचा तांदूळ सुरू झाला आणि त्या उभ्या राहिल्या. कोंड्यासोबत निघून जाणारा तो पदार्थ म्हणजे पुढे ओळखलं गेलेलं ब१ जीवनसत्त्व, थायामिन. आइकमनला १९२९चं नोबेल मिळालं. कोंबड्यांना काय मिळालं? पुढे कधीतरी, गोणीत चिमूटभर जीवनसत्त्वांचं मिश्रण.

दुसरी गोष्ट दुःखाची आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखाहून अधिक टर्की पक्षी पटापट मेले. कारण सापडेना. शेवटी माग लागला खाद्यातल्या शेंगदाणा पेंडीशी. पेंडीला बुरशी लागलेली होती, आणि बुरशीनं विष सोडलं होतं. अफ्लाटॉक्सिन हे नाव जगाला त्यातून मिळालं.

आज अशी सामूहिक मर क्वचित दिसते. विष थोडं असतं, रोज असतं, आणि गुपचूप काम करतं. यकृत सुजतं. प्रतिकारशक्ती खचते. मग लस वेळेवर देऊनही आजार येतो आणि दोष लशीला जातो. मका साठवताना ओलावा १३-१४ टक्क्यांच्या वर नको, आणि गोण्या जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून नकोत. बुरशी आधी तळाच्या गोणीत धरते, आणि तळाची गोणी कुणी उघडून बघत नाही.

(दृश्य: पाण्याच्या पाइपाला लावलेल्या निपलमधून थेंब. एक पक्षी चोच लावतो.)

पाणी. कोंबडी जेवढं खाते त्याच्या साधारण दुप्पट पिते, उन्हाळ्यात कितीतरी जास्त. तिला घामाच्या ग्रंथी नाहीत, धापा टाकूनच ती उष्णता बाहेर काढते. तरी शेडच्या नोंदवहीत खाद्याचा रकाना असतो आणि पाण्याचा नसतो. पाण्याचं मीटर बसवलेल्यांना ठाऊक आहे, आजाराची चाहूल अनेकदा आधी मीटरवर लागते. पिणं उतरतं, मग खाणं, मग मरतूक.

पाइपाच्या आत बोट फिरवा. बुळबुळीत लागलं, तर तिथे जिवाणूंची वसाहत आहे आणि ती पिण्याच्या पाण्यातच आहे. पाण्यात क्लोरिन घातलं की जंतू आटोक्यात राहतात. मात्र पाण्यातून जिवंत लस द्यायची असेल त्या दिवशी हेच क्लोरिन लस मारून टाकतं. म्हणून ते आधीपासून बंद ठेवतात आणि पाण्यात लिटरला अडीच ग्रॅम स्निग्धांशविरहित दूध पावडर मिसळतात, ती उरलंसुरलं क्लोरिन शोषते. लस दिल्याची नोंद वहीत होते. लस पोचली का, हे वही सांगत नाही.

लशींत गंबोरो या विषाणूच्या आजाराची लस चुकली तर फार जड जातं. हा विषाणू पक्ष्याच्या शेपटीजवळच्या बर्सा नावाच्या छोट्या पिशवीवर हल्ला करतो. १९५६ साली अमेरिकेतल्या संशोधकांना, काहीसं योगायोगानंच, दिसलं की ही पिशवी काढलेल्या कोंबड्या प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनं, बनवत नाहीत. आपल्या रक्तातल्या, प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशींच्या नावातला ‘बी’ या बर्साचाच. ती पिशवी कोवळ्या वयात गेली, की पुढे राणीखेत आजाराची लस द्या नाहीतर आणखी कसली, शरीर तिला पुरेसा प्रतिसाद देत नाही.

(दृश्य: लेअर शेड. संध्याकाळ.)

अंड्यावरच्या कोंबड्यांचं वेळापत्रक निराळं. एका अंड्याला सुमारे २५ तास लागतात, त्यातले जवळपास २० कवचासाठी. म्हणजे कवचाचं मोठं काम रात्री चालतं, कोंबडी खात नसते तेव्हा. एका कवचाला दोन ग्रॅमहून अधिक कॅल्शियम लागतं. पोटात नसेल तर ती ते हाडांतून काढते.

खाद्यातला चुना बारीक पिठासारखा असेल तर दिवसाच पुढे सरकून जातो. भरड कण, शिंपल्याचे तुकडे, जठरात अडकून रात्रभर हळूहळू विरघळतात. कॅल्शियमचा टक्का दोन्हीत तोच, गोणीवरचा छापही तोच. फक्त एक रात्री हाताशी असतं आणि दुसरं नसतं. उकाड्यात धापा टाकून रक्तातला कार्बन डाय ऑक्साइड उतरला, की कॅल्शियम कार्बोनेटच्या कवचाचा दुसरा घटक, कार्बोनेट, तोही कमी पडतो. तेव्हा कितीही चुना ओता, कवच पातळच. तिथे उपाय हवा खेळवण्याचा आहे.

प्रतिजैविकांबद्दल थोडक्यात. वाढीसाठी रोजच्या खाद्यात ती कालवण्याची सवय अनेक वर्षं चालली. स्वीडननं १९८६ साली ती बंद केली, युरोपीय संघानं २००६च्या जानेवारीपासून. औषधाला न जुमानणारे जंतू शेडच्या भिंतीपाशी थांबत नाहीत, हे कारण पुरेसं आहे. आजारी पक्ष्याला पशुवैद्यानं दिलेलं औषध वेगळं, आणि ओली गादी झाकायला रोज चारलेलं वेगळं.

(दृश्य: रिकामं शेड. धुतलेली फरशी. उघडलेल्या पाइपाचं टोक.)

लॉट गेला. गादी काढली, भिंती धुतल्या, जंतुनाशक फवारलं. सगळे पक्षी एकदमच बाहेर गेलेत, आता काही दिवस शेड रिकामं. उरला पाइप. शेडवरचा माणूस टोकाची झडप उघडतो. आधी येतं तपकिरी, बुळबुळीत पाणी. मग गढूळ. मग स्वच्छ. तो ओंजळीत घेऊन नाकाशी नेतो. पाइप धुवायच्या औषधाचा वास अजून आहे.

तो झडप आणखी उघडतो आणि बादली खाली सरकवतो.