गॅलेक्सीचं नशीब शेजारावर ठरतं का?

पुण्याहून नाशिक हायवे धरला की नारायणगाव येतं, तिथनं जवळच खोडदला शेतांच्या मधे जाळीच्या अवाढव्य डिश आभाळाकडे तोंड करून उभ्या दिसतात. हीच जीएमआरटी, म्हणजे रेडिओ लहरी टिपणारी दुर्बीण. 45 मीटर व्यासाच्या अशा 30 डिश. दूरच्या गॅलेक्सींमधल्या हायड्रोजनचे सिग्नलही त्या पकडतात, आणि हायड्रोजन म्हणजे नवे तारे घडवायचा कच्चा माल, तो संपला की गॅलेक्सी हळूहळू लाल आणि म्हातारी होत जाते.

आता हा माल कुणाकडे टिकतो? 1980 साली अ‍ॅलन ड्रेसलर या खगोलशास्त्रज्ञाने 55 क्लस्टर, म्हणजे गॅलेक्सींचे मोठे समूह, तपासले, तर जितकी गर्दी जास्त तितक्या सर्पिल गॅलेक्सी (ज्यांत गॅस भरपूर असतो) कमी आणि लंबगोल (ज्यांत तो फारसा उरलेला नसतो) जास्त, असं सरळ दिसलं.

व्हर्गो क्लस्टरमधली एनजीसी 4522 ही गॅलेक्सी बघा, इथनं साधारण साडेपाच कोटी प्रकाशवर्षं लांब. ताऱ्यांची तबकडी अगदी नीट आहे, पण कडेचा हायड्रोजन गायब आणि बराचसा गॅस एका बाजूला ढकललेला! कारण क्लस्टरमधे गॅलेक्सींच्या मधल्या जागेत कोट्यवधी अंश तापलेला विरळ गॅस भरलेला असतो, त्यातून ही प्रचंड वेगाने चाललीये, मग बाईकवर ओढणी मागे उडावी तसा तिचा गॅस मागे उडतो. ताऱ्यांना धक्काही लागत नाही.

पण एवढा वेग, एवढी उष्णता आली कुठून? मला वाटतं खरी गोष्ट इथेच आहे. क्लस्टरचं बहुतेक वस्तुमान डार्क मॅटरचं, म्हणजे न दिसणाऱ्या, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणाऱ्या पदार्थाचं, त्याच्याच ओढीने सगळं आत कोसळतं. फ्रिट्झ झ्विकीने 1933 मधे कोमा क्लस्टरमधल्या गॅलेक्सींचे वेग बघूनच ओळखलं होतं की दिसणाऱ्या पदार्थात हे बसत नाही. आणि गॅलेक्सीचं स्वतःचं डार्क मॅटर ताऱ्यांच्याही खूप बाहेरपर्यंत पसरलेलं असतं, त्यामुळे क्लस्टर ते आधी ओरबाडतं, ताऱ्यांची पाळी नंतर.

तरी सगळा दोष शेजाराला देता येत नाही. जड गॅलेक्सी एकटी असली तरी बऱ्याचदा तारे बनवणं थांबवते, आणि दाट जागेत जड गॅलेक्सी मुळातच जास्त जन्मतात. म्हणून सारख्या वजनाच्या दोन घ्यायच्या, एक गर्दीतली आणि एक मोकळ्या जागेतली, आणि मगच फरक बघायचा. 2017 मधे पुण्यातल्याच आयुका आणि आयसर या संशोधन संस्थांमधल्या लोकांनी सरस्वती सुपरक्लस्टर, म्हणजे अनेक क्लस्टरांचा समूह, शोधला, सुमारे 400 कोटी प्रकाशवर्षं लांब, 60 कोटी प्रकाशवर्षं पसरलेला. तिथे दाट क्लस्टरही आहेत आणि त्यांना जोडणाऱ्या विरळ साखळ्याही, म्हणजे अशी जोडी शोधायला जागाच जागा.