खुंटी मोकळी, पंख चालता

[दृश्य: भंडारा जिल्ह्यातलं एक वर्कशॉप. लाकडी टेबलावर दोन पंखांचं अवजार.]

पाणबुड्याच्या पायात फिन असतात हे सगळ्यांना माहीत आहे. हे त्याच्या पुढचं अवजार. दांडी दोन्ही नडग्यांमध्ये धरायची, तिच्यावर आडवे पंख. पाय जोडून वरखाली हाणले की पंख तिरपे होतात आणि पाणी मागे लोटतात. माशाच्या शेपटीचंच तत्त्व, फक्त माणसाच्या पायाला बांधलेलं. अमेरिकेतले अभियंते कॅल्विन गॉन्गवर यांचं ॲक्विऑन याच जातीचं. पुढे तिथल्याच डार्पा या संरक्षण संशोधन संस्थेनं पॉवरस्विम केलं. साध्या फिनमधून पायांच्या ताकदीचा 15 टक्केही भाग कामी येत नाही आणि आमच्या यंत्रातून 80 टक्क्यांहून जास्त येतो, असा डार्पाचा दावा. दावा मोठा आहे. आपण मोजून बघू, पण आधी अवजार दुरुस्त करून.

[दृश्य: ॲल्युमिनियमच्या दांडीवर पांढरी भुकटी.]

ही भुकटी समुद्राची देणगी. ॲल्युमिनियमच्या दांडीत स्टेनलेसचा बोल्ट आणि मध्ये खारं पाणी आलं, की ॲल्युमिनियम झिजतं. बोल्टला हातोडी मारू नका, दांडी चिरते. गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू द्या, सकाळी दांडीला थोडी ऊब द्या, मग पाना लावा. पुन्हा जोडताना मध्ये प्लॅस्टिकचा वॉशर आणि वंगण हवंच. स्टेनलेसवर स्टेनलेसचा नट कोरडा आवळला तर तो जागीच जाम होतो. मग कापण्याशिवाय इलाज नाही.

आता पंख. आत फोम, वरून फायबर. आधी वजन करा, रात्रभर टाक्यात बुडवून ठेवा, सकाळी पुसून पुन्हा वजन करा. काटा वाढला तर आत पाणी शिरतंय. कुठून? पंख सुकवून कोमट पाण्यात धरा.

[जवळून: पंखाच्या कडेवरून बारीक बुडबुड्यांची माळ.]

आतली हवा तापून फुगते आणि भेग स्वतःच जागा दाखवते. तिथं खूण करा, पूर्ण वाळवा, मगच इपॉक्सी. आतला फोम थर्मोकोलचा असेल तर पॉलिस्टर रेझिन चुकूनही नको, ते थर्मोकोल विरघळवतं.

खरी गोम खुंटीत आहे. पंख ज्या खुंटीवर फिरतो तिची जागा चुकली तर बाकी सगळी मेहनत पाण्यात. पंखाची रुंदी 20 सेंटिमीटर धरा. पाण्याचा जोर पुढच्या कडेपासून साधारण चौथ्या हिश्श्यावर, म्हणजे 5 सेंटिमीटरवर पडतो. खुंटी त्याच्या पुढे, 4 सेंटिमीटरच्या आसपास हवी, मग पंख प्रवाहात आपोआप सरळ राहतो. जुनं भोक बुजवून नवं मागे पाडलं असेल तर पंख आडवा होतो. कालव्याच्या वाहत्या पाण्यात धरून बघा, लगेच कळतं. खुंटीचं बुश, म्हणजे ती ज्यात फिरते ती नळी, नायलॉनचं असेल तर बदला. नायलॉन पाणी पिऊन फुगतं आणि पंख अडतो.

[जवळून: कंपासपेटीतला कोनमापक पंखाला लावलेला.]

पंख किती तिरपा व्हावा हे रबरी अडण्या ठरवतात. वर 30 अंश, खाली 30 अंश, इथून सुरुवात करा. रबर झिजलं की पंख जास्तच कलतो. पाय हलके चालतात, पण माणूस पुढे जात नाही. रबर फार कडक असेल तर पंख फळीसारखा पाण्यावर आपटतो आणि गुडघे बोलायला लागतात. वर-खाली कोन वेगळे असतील तर पोहणारा नकळत खोल जातो नाहीतर वर येतो.

[दृश्य: विहीर. मग मालगुजारी तलावाची पार.]

विहिरीत फक्त तरंगणं तपासायचं, तेही मोटारीचा स्टार्टर बंद करून, फ्यूज काढून खिशात घालून. अवजार सोडलं तर हळूच वर यायला हवं. साहित्यासकट 100 किलो भरणारा, समुद्रात ना बुडेल ना तरंगेल असा जुळवलेला पाणबुड्या गोड्या पाण्यात सुमारे अडीच किलो शिसं कमी घेतो.

वेग मोजायला तलाव. ढिवरांना आधी विचारा, जाळी कुठं टाकलीत. शिंगाड्याची वेल आणि बुडालेले खुंट टाळा. 25 मीटरवर दोन बांबू रोवा. पोहणारा पहिल्या बांबूच्या 5 मीटर आधी निघतो, म्हणजे वेग स्थिरावतो. जाऊन-येऊन मोजा, वाऱ्याचा फरक कटतो. आधी फिन, मग हे यंत्र, माणूस तोच, दोन्हींच्या मध्ये पुरेशी विश्रांती. श्वास रोखून नाही, स्नॉर्केल (तोंडात धरायची श्वासाची नळी) लावून. काठावर दोर आणि हवा भरलेली ट्यूब घेऊन एक जण उभा, कायम.

दोरानं बांधून स्प्रिंगच्या काट्यावर ओढ मोजायचा मोह होतो. त्यात पंखावरून पुढून येणारं पाणीच नसतं, त्यामुळे आकडा यंत्रावर अन्याय करतो.

समजा 25 मीटर 20 सेकंदांत गेले, म्हणजे सेकंदाला 1.25 मीटर. सेकंदाला एक फटका, पंखाची वरखाली चाल 40 सेंटिमीटर. चाल गुणिले फटके, भागिले वेग: 0.32. मासे 0.2 ते 0.4 मध्ये पोहतात. आकडा 0.5 च्या वर गेला तर पाय जोरात चालतायत आणि पाणी नुसतं घुसळलं जातंय. पुन्हा अडण्या तपासा. आणि वेग 10 टक्के वाढवायला ताकद सुमारे 33 टक्के जास्त लागते, म्हणून एका सेकंदाचा फरकही वहीत लिहा.

[दृश्य: पारीवर अवजार उपडं, खुंटीतून पाणी निथळतंय.]

सावलीत वाळवा. उन्हात रबर तडकतं.