थ्रॉटल मिटल्यानंतरचं ट्यूनिंग

(स्वतः बांधलेल्या विमानांतील रोटरी इंजिन या विषयावरील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, अमेरिकेत घरच्या गॅरेजमध्ये विमान बांधणाऱ्यांची जुनी परंपरा आहे. निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी शिकण्यासाठी किंवा आवडीखातर केलेलं असेल, तर तिथे त्या विमानाला ‘एक्सपेरिमेंटल’ गटात परवाना मिळतो. इंजिन कुठलं बसवायचं तेही बांधणाराच ठरवतो. कांदिवलीत गच्चीवर विमान बांधणाऱ्या अमोल यादवांना नोंदणी मिळायला 2017 साल उजाडलं, हे आठवलं की त्या मोकळिकीचं मोल कळतं.

या मंडळींतल्या काहींनी माझदाच्या आरएक्स-7 मोटारीतलं 13बी हे रोटरी इंजिन विमानात बसवलं. फेलिक्स वँकेल यांच्या कल्पनेतलं हे इंजिन एनएसयू कंपनीत 1957 साली पहिल्यांदा चाललं आणि माझदानं 1967च्या कॉस्मोपासून ते नेटानं पुढे नेलं. यात पिस्टन नाहीत, व्हॉल्व्ह नाहीत, कनेक्टिंग रॉड नाहीत. दोन रोटर, मिळून 1308 सीसी. रोटरच्या टोकाचं, वायू अडवणारं सील गेलं तर ताकद घटते, पण इंजिन सहसा जागीच अडकून बसत नाही. विमानात बसणाऱ्याला आणखी काय हवं? प्रोपेलरसाठी मात्र त्याचा वेग फार आहे. त्यामुळे मध्ये गिअर घालावा लागतो. 2.85 ला 1 असा गिअर घातला, तर इंजिनच्या मिनिटाला 6000 फेऱ्यांचे (म्हणजे 6000 आरपीएमचे) प्रोपेलरला सुमारे 2100 फेरे मिळतात.

हे इंजिन विमानात का बसवावं यावर तासन्‌तास बोलता येईल. मी आज फक्त पेट्रोलबद्दल बोलणार आहे, कारण माझ्या मते खरी परीक्षा तिथे आहे.

पेट्रोलच्या इंजेक्शनचा कंट्रोलर मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतला, दाब, आरपीएम आणि हवेचं तापमान वाचतो आणि त्यावरून पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरवतो. त्याच्या पोटात कुठल्या दाबाला आणि आरपीएमला किती पेट्रोल, याचा एक तक्ता असतो. ट्यूनिंग म्हणजे त्या तक्त्यातला एकेक आकडा या इंजिनासाठी, या पाइपांसाठी, या सायलेन्सरसाठी दुरुस्त करणं. मोटारीत गिअर बदलता येतात, चढ-उतार असतात, त्यामुळे तक्त्याचा बहुतेक भाग रस्त्यावर वापरून होतो. विमान जमिनीवर जखडून ठेवून इंजिन रेस केलं, तर फक्त एक तिरकी रेघ हाती लागते : जितका थ्रॉटल (हवेची वाट उघडणारी-मिटणारी चकती) उघडा, तितके प्रोपेलरचे फेरे. त्या रेघेबाहेरचे आकडे तसेच, कुणी तरी अंदाजानं भरलेले, राहून जातात.

आणि विमान त्या रेघेबाहेर जातंच. कधी? उतरताना. पायलट थ्रॉटल मिटतो, पण समोरून येणारा वारा प्रोपेलरला फिरवत राहतो. इंजिन वेगात, थ्रॉटल बंद. अशा वेळी मॅनिफोल्डमधला दाब इतका खाली जातो, की जमिनीवर उभं राहून तो कधीच गाठता येत नाही. तक्त्याचा हा कोपरा कोरा असेल तर इंजिन मिसिंग मारतं. थोडी ताकद हवी म्हणून थ्रॉटल पुढे ढकलला तर ते आधी गचके खातं. धावपट्टी समोर, उंची संपत आलेली, आणि तेव्हाच हे होतं. पूर्ण ताकदीचं हवा-पेट्रोलचं मिश्रण सगळेजण जिवापाड जपून लावतात. या कोपऱ्याकडे दुर्लक्ष होतं, आणि ते मला घातक वाटतं.

इथे मीटरही फसवतो. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर उरलेला ऑक्सिजन मोजतो, उरलेलं पेट्रोल मोजत नाही. थ्रॉटल बंद असताना रोटरीत जळका वायू मोठ्या प्रमाणात मागे राहतो, ठिणगी पडूनही मिश्रण पेटत नाही. न जळलेला ऑक्सिजन तसाच बाहेर पडतो आणि मीटर सांगतो, मिश्रण लीन आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. नवखा माणूस पेट्रोल वाढवतो, मिसिंग वाढतं, मीटर आणखी लीन दाखवतो. म्हणून या भागात मीटरवर विसंबू नका. मिश्रणाचा नॉब थोडा रिचकडे (जास्त पेट्रोलकडे), थोडा लीनकडे फिरवा आणि कुठे इंजिन नितळ चालतं ते ऐका. शिशाचं 100एलएल हे विमानांचं पेट्रोल भरत असाल तर तो सेन्सर लवकर निकामी होतो, हेही धरून चाला.

आता व्होल्टेजचं बघू. हे गणित फारच थोडेजण करतात. 6000 आरपीएमला प्रत्येक रोटर सेकंदाला 100 वेळा हवा आत घेतो, म्हणजे इंजेक्टरला एका खेपेला 10 मिलिसेकंद मिळतात. सिग्नल मिळाल्यापासून इंजेक्टर खरोखर उघडेपर्यंत साधारण एक मिलिसेकंद वाया जातो. समजा, आल्टरनेटर बंद पडला, बॅटरी उतरू लागली आणि हा वाया जाणारा वेळ अर्ध्या मिलिसेकंदानं वाढला. पूर्ण ताकदीला 9 मिलिसेकंदांच्या सिग्नलमधले 8 कामाचे होते, ते साडेसात झाले. पेट्रोल सोळाव्या हिश्शानं घटलं, इंजिन ते सहन करेल. उतरताना सिग्नलच अडीच मिलिसेकंदांचा असेल, तर कामाचा दीड होता तो एकच उरला. पेट्रोल एक-तृतीयांशानं घटलं! म्हणून व्होल्टेजची दुरुस्ती कंट्रोलरमध्ये नीट भरलेली हवी आणि ती जमिनीवर, चार्जिंग बंद करून, तपासलेली हवी.

उंचीचाही परिणाम होतो. 8000 फुटांवर बाहेरचा दाब समुद्रसपाटीच्या पाऱ्याच्या 29.92 इंचांवरून सुमारे 22.2 इंचांवर येतो. मॅनिफोल्डचा दाब तोच ठेवला, तरी एक्झॉस्टला बाहेर पडायला अडथळा कमी झालेला असतो, जळका वायू जास्त निघून जातो, ताजी हवा जास्त मावते. म्हणजे खाली बरोबर असलेला आकडा वर किंचित लीन पडतो. म्हणून मिश्रणाचा नॉब पायलटच्या हाताशी असलाच पाहिजे, सगळं आपोआप होतं यावर माझा विश्वास नाही.

मग तो कोपरा भरायचा कसा? विमानतळाच्या डोक्यावर चांगली उंची घ्या, इतकी की इंजिन थांबलं तरी तरंगत धावपट्टीवर येता येईल. नोंदी ठेवायचं काम लॉगरला द्या, कागद-पेन्सिल हातात नको. थ्रॉटल थोडा मिटा, विमान स्थिर होऊ द्या, नॉबनं योग्य जागा शोधा, आकडा साठवा, मग आणखी थोडा मिटा. एका फेरीत सगळं उरकायची घाई नको. चार इंजेक्टरांपैकी एक जोडी आधीपासून चालू असते; दुसरी जोडी ज्या दाबाला सुरू होते, तिथे थ्रॉटल सावकाश पुढे-मागे करून धक्का बसतो का तेही पाहा. बसत असेल तर दोन्ही जोड्यांचा प्रवाह किंवा वाया जाणारा वेळ चुकीचा भरलाय.

बऱ्याच विमानांत सुरक्षेसाठी दोन कंट्रोलर असतात, ए आणि बी. ए मध्ये महिनोन्‌महिने घासून बसवलेला तक्ता आणि बी मध्ये कारखान्यातून आलेला तसाच, असं होऊ देऊ नका. ए चा तक्ता बी मध्ये उतरवा आणि तोच उतार, थ्रॉटल मिटून, बी वरही करून बघा.